खाडाखोड

आमच्या धान्य सहकारी संघात एक सभासद होती, विमलाबाई. रजिस्टरात तिचं नाव कमला असं लिहिलं गेलं. लिहिणारे वसंताबाबू. चूक त्यांच्या त्याच दुपारी ध्यानात आली. पण संघात खाडाखोड करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. चुकलेल्या शब्दाभोवती लाल शाईचं कडं काढायचं, बाजूला कारण लिहायचं, खाली साहेबांची आखूड सही घ्यायची, आणि मग तीच गोष्ट त्रुटी रजिस्टरात पुन्हा उतरवायची. वर्षाअखेरीस बाबूचा गोपनीय अहवाल लिहिताना साहेब बाकी काही वाचत नाहीत, त्रुटी तेवढ्या मोजतात. तेव्हा वसंताबाबूंनी विमलाबाईलाच समजावलं, "बाई, तुमचं काय जाते? संघात आलं का कमला व्हायचं." ती झाली. मरेपर्यंत आमच्याकडे कमला म्हणून अंगठा लावत राहिली. वसंताबाबू बिनाडागाचे रिटायर झाले, शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले.

वैदेही देशकरला हा किस्सा मी पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. ती पोट धरून हसली. मी काही हसवायला सांगितला नव्हता.

वैदेही नागपूरहून एमसीए झालेली, तिथेच एका कंपनीत नोकरीला होती. वडील नव्हते. आई कालिंदीताई, बालाघाटातल्या अर्ध्या बाबूलोकांच्या मास्तरीण. त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. पोरगी नोकरी सोडून घरी आली. सन २००२ चं बालाघाट. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला इथे दोनच धंदे होते: क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवणं, नाहीतर लग्नपत्रिका छापणं. तिसरा निघाला आमचा संघ. भोपाळहून फर्मान आलं होतं की धान खरेदी कॉम्प्युटरवर घ्या. आमच्या साहेबांनी वैदेहीला करारावर घेतलं आणि लांजीच्या केंद्रावर एक प्रोग्राम बनवून दाखव म्हणाले. सोबत एक गाजरही होतं. संगणक प्रभारी नावाचं एक कायम पद मंजूर झालं होतं. ज्याची पद्धत पूर्ण जिल्ह्याला लागू होईल, पद त्याचं.

ते पद तिला का हवं होतं, ते ती लपवत नव्हती. संघाचं ऑफिस तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. "काका, दुपारी जाऊन आईला भरवता येईल," ती मला म्हणाली, "अशी नोकरी मले नागपुरात कोण देणार? इथं असली तर हीच एक."

मी हिशेब शाखेत. आमच्याकडे गरजू माणूस आला की आम्ही आधी त्याची गरज किती जुनी आहे ते बघतो. हिची ताजी होती, म्हणून तिच्यात अजून जोर होता.

लांजीला तिने जे केलं ते आमच्या संघाच्या इतिहासात कोणी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी बसने गेली आणि कॉम्प्युटर खोक्यातून न काढताच तोलकाट्याशेजारी पोत्यावर बसली. तोलणारा आमचा प्रेमलाल, वीस वर्षं काट्यावर. त्याला वाटलं, तपासणी आली. त्याने तिला चहा पाजला, मग पुन्हा चहा पाजला. तिसऱ्या दिवशी तिने पडद्यावर तीन घरं काढून दाखवली: नाव, गाव, वजन. आणि म्हणाली, "प्रेमलालभाऊ, हे चुकलेलंच आहे. कुठं चुकलं ते तुम्ही सांगा."

प्रेमलाल घाबरला. वीस वर्षांत संघातल्या कुठल्या माणसाने "माझं चुकलं" असं त्याच्यासमोर म्हटलं नव्हतं. म्हणजे यात काहीतरी डाव असणार. "बराबर आहे मॅडम. एकदम फस्क्लास."

पुढच्या आठवड्यातही सगळं फस्क्लासच होतं. मग तिने एक युक्ती केली. वजनाच्या घरापुढे मुद्दाम 'लिटर' लिहून ठेवलं. प्रेमलाल आला, पाहिलं, गेला. परत आला. पुन्हा गेला. शेवटी त्याच्याने राहवेना.

"मॅडम, धान हाय का दूध हाय?"

"काहून?"

"लिटर लिवलं ना तुम्ही!"

"मग काय लिहायचं?"

"अवं क्विंटल लिवा, किलो लिवा. आन् ओलावा कोठं आहे? ओला धान आला तं वजन कसं कापान? आन् बारदान्याचं वजन? पोतं का हवेचं असते का?"

बांध फुटला तो फुटलाच. प्रेमलाल रोज चुका काढू लागला, मग हमाल काढू लागले, मग धान घेऊन आलेले शेतकरी. वैदेही रात्री घरी दुरुस्त करायची, दोन दिवसांनी फ्लॉपी घेऊन लांजीला हजर. नवं दाखवायची, पुन्हा शिव्या खायची. मला म्हणाली, "काका, याला प्रोटोटाइप म्हणतात. आधी कच्चं करून दाखवायचं, वापरणाऱ्याच्या हातात द्यायचं, त्यानं मोडलं की नीट करायचं. असं करत करत पक्कं होते."

"म्हणजे भात चाखत चाखत शिजवणं."

"तसंच. दुसरी रीत म्हणजे आधी सगळी पाककृती लिहून सह्या घ्यायच्या आणि झाकण थेट पंगतीत उघडायचं."

काट्यावर बसल्यानेच तिला ट्रॉलीची गोष्ट कळली. संघाच्या नियमात लिहिलं आहे की प्रत्येक सभासदाने आपला माल स्वतंत्र आणावा, स्वतंत्र तोलावा. पण छोट्या शेतकऱ्याने दहा पोत्यांसाठी ट्रॅक्टर कुठून आणायचा? एका मोहल्ल्यातली पाच-सात घरं मिळून एक ट्रॉली भरतात. काट्यावर सगळी एकदम तोलली जाते, मग ट्रॉलीच्या सावलीत बसून वाटे बोलले जातात, हौ-हौ होतं, आणि पावती फाटते ती ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने, पैसेही त्यालाच मिळतात. बाकीच्यांचे वाटे प्रेमलाल पावतीच्या पाठीवर लिहून देतो. पाठीवरचं वाचतो कोण? ज्याचं नाव पुढच्या बाजूला, तो वाचतो.

या हौ-हौमध्ये एक आवाज कायम उलटा असायचा. सत्यभामा. लांजीजवळच्या खेड्यातली, नवरा कामासाठी भिलाईकडे गेलेला, शेत हीच पाहायची. दरवेळी ट्रॉलीसोबत स्वतः यायची आणि काट्याला नाक लावून उभी राहायची. वैदेहीला तिने पहिल्याच भेटीत झापलं.

"तू नवीन बाई आहेस का? मंग माहं नाव लिव. पाठीवर नोको, पोटावर लिव. नाही तं हे लोक मले अख्खी खाऊन ढेकर देतीन."

ट्रॅक्टरवाला हसला, "सत्यभामाबाई, तुले खाऊन कोणाले पचन?"

"तुले पचते तं! मागच्या साली पचलं ना माहं एक पोतं!"

वैदेहीने ट्रॉलीचा वेगळा पडदा बनवला. ट्रॉली एक, नावं कितीही, आणि ज्याची त्याची वेगळी पावती. प्रिंटरमधून आपल्या नावाची पट्टी कर्रकर्र निघाली तेव्हा सत्यभामेने ती उलटी धरली, वाचता येत नव्हतं, पण घडी घालून पोलक्यात ठेवली आणि ट्रॅक्टरवाल्याकडे असं पाहिलं की त्याने बिडी विझवली.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग वैदेहीने एक शहाणपणा केला, तो असा की बदल झाला की त्याची नोंद ठेवायची: कोणी सांगितलं, काय चुकत होतं, काय केलं. कॉलेजात तिला असंच शिकवलं होतं. हंगाम संपला तेव्हा त्या नोंदी चाळिसाच्या वर गेल्या होत्या. मला कौतुकाने छापून दाखवल्या. "काका, खरी कमाई ही आहे. प्रोग्राम काय, कोणीही लिहील."

मी म्हटलं, "पोरी, हा कागद ऑफिसात काढू नकोस."

"काहून?"

"विमलाबाई आठव."

ती पुन्हा हसली.

त्याच उन्हाळ्यात अनिश आला. संघाचे अध्यक्ष दादाजी, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. इंदूरला शिकून हनुमान चौकात फर्म टाकलेली, काचेचं दार, आत एसी. पोरगा लबाड नव्हता, हे लिहून ठेवतो. त्याचा आपल्या रीतीवर मनापासून विश्वास होता, आणि ते लबाडीपेक्षा महाग पडतं. तो लांजीला गेला नाही. तो संघाच्या प्रत्येक शाखाप्रमुखाकडे गेला आणि म्हणाला, तुमचं काम कसं चालतं ते लिहून द्या. आता कोणता बाबू लिहून देईल की आम्ही ट्रॉली एकदम तोलतो आणि वाटे पाठीवर लिहितो? ते लिहिलं की कारणे दाखवा नोटीस हातात. सगळ्यांनी नियमावली समोर ठेवली आणि स्वच्छ अक्षरात तीच उतरवून दिली. अनिशने ती टाइप केली, पानापानावर सह्या घेतल्या, निळं कव्हर लावून स्पायरल बाइंडिंग केलं. दिसायला ग्रंथ. हलक्या हाताने उघडावासा वाटायचा.

आमचे साहेब घनश्यामबाबू त्या ग्रंथावर भाळले. अनिशने त्यांना समजावलं, "सर, इसको वॉटरफॉल बोलते हैं. आधी सगळं लिहायचं, सही. मग डिझाइन, सही. मग बनवायचं, तपासायचं, शेवटी हातात द्यायचं. एकदा खाली आलेलं पाणी वर जात नाही."

"अरे, हे तं आपल्या ऑफिससारखंच आहे!" साहेब म्हणाले. इतकी वर्षं आपण एका शास्त्रानुसार वागत होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मी हळूच म्हटलं, "साहेब, आपला गांगुलपाऱ्याचा धबधबा उन्हाळ्यात कोरडा असतो." पण तेवढ्यात चहा आला.

दोन पद्धती, पद एक. भोपाळला कळवायचं तर तुलना दाखवायला हवी. घनश्यामबाबूंना तुलनात्मक तक्ता बनवता येत होता. याआधीचा त्यांनी छताच्या पंख्यांसाठी बनवला होता, तोच नमुना काढला. उभे रकाने दोन: वैदेही देशकर, अनिश. आडव्या ओळी: दर, मुदत, हमी, नमुन्यात आढळलेल्या त्रुटी. एक ओळ हाताने वाढवली: विकासाची पद्धत. पहिल्या रकान्यात 'प्रोटोटाइप (कच्चे)', दुसऱ्यात 'वॉटरफॉल (लेखी)'. कंसातलं साहेबांचं.

त्रुटींच्या ओळीसाठी त्यांनी वैदेहीकडे कागद मागितले. तिने ते छापलेले बदल आनंदाने दिले. साहेबांनी पेन्सिलने मोजून आकडा लिहिला. अनिशच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. अनिशचा प्रोग्राम तोवर चालूच व्हायचा होता, त्यामुळे 'निरंक' शंभर टक्के खरं होतं.

बैठक दादाजींच्या अध्यक्षतेखाली झाली. कार्यवृत्त लिहायला मी होतो. दादाजींनी चष्मा वर केला, तक्ता पाहिला, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "पोरी, तुह्या आईनं मले नाही शिकवलं, पण माह्या पोराले शिकवलं. हुशार घराणं. अन् इतक्या चुका?"

"दादाजी, त्या चुका नाहीत. सुधारणा आहेत."

"चूक असल्याशिवाय सुधारणा होते का?"

याला उत्तर होतं, पण ते त्या खोलीत बसणारं नव्हतं. तरी वैदेहीने नेट लावून सांगायला सुरुवात केली: की काम कागदावर वेगळं असतं आणि काट्यावर वेगळं, की माणसाला आपल्याला काय हवं ते हातात आल्याशिवाय सांगता येत नाही, की लहान चूक लवकर सापडली तर स्वस्तात जाते आणि शेवटी सापडली तर घर बुडवते. "नियम पक्के असले, काम ठाऊक असलं, तर अनिशची रीत चांगलीच आहे," असंही म्हणाली, म्हणजे प्रामाणिकपणाही करून बसली. "पण आपलं काम कागदावर आहे तसं नाही ना. लांजीला ट्रॉली येते तेव्हा..."

घनश्यामबाबूंचा चेहरा ट्रॉली या शब्दावर बदलला. "कोणती ट्रॉली?"

प्रेमलालला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो दाराशी उभा होता.

"प्रेमलाल, केंद्रावर माल कसा तोलतो?"

"नियमानं साहेब. ज्याचा त्याचा येगळा."

"मग ह्या चुका तू काढल्या का?"

"मी? मी काहून काढू साहेब? मॅडमच इचारत जात. मी तं पयल्या दिवसापासून म्हणून राह्यलो, फस्क्लास आहे."

वैदेहीने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्या चपलांकडे पाहत होता.

मी पेन खाली ठेवून म्हटलं, "साहेब, जो पंखा अजून छताला लावलाच नाही, तो आवाज करत नाही, एवढाच 'निरंक'चा अर्थ आहे."

सगळे हसले. दादाजी तर खूप हसले. "हे हिशेबवाले मोठे चावट," म्हणाले, आणि ठराव अनिशच्या बाजूने झाला. माझा विनोद कार्यवृत्तात आला नाही. ते मीच लिहीत होतो. विनोदाला तिथे कलम नसतं.

पुढचा हंगाम आला. लांजीच्या फाटकावर पहिल्याच दिवशी ट्रॉल्या उभ्या राहिल्या आणि अनिशचा प्रोग्राम म्हणाला, एका मालाला एक माणूस आणि त्याच्या जमिनीच्या पुस्तिकेचा नंबर द्या, नाहीतर वजन घेणार नाही. ट्रॉलीत माणसं सात. पुस्तिका घरी. रांग बसस्टँडपर्यंत गेली, सत्यभामेचा आवाज त्याच्याही पुढे. अनिशला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "हे रिक्वायरमेंटमध्ये नाही. तुमच्या सगळ्यांची सही आहे. बदल पाहिजे तर पहिल्यापासून यावं लागेल, सगळ्यांच्या सह्या परत." सह्यांची बैठक संक्रांतीनंतर. धान काही तोवर ट्रॉलीत थांबणार नव्हता.

दुपारी प्रेमलालने कोणाला न विचारता जुना कॉम्प्युटर लावला आणि वैदेहीचा प्रोग्राम चालू केला. रांग दिवेलागणीला संपली. पूर्ण हंगाम असाच गेला: पावत्या वैदेहीच्या, आणि एकूण बेरीज तेवढी संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्यांच्या पुस्तिकांवर अनिशच्या प्रोग्राममध्ये टाकून भोपाळला. भोपाळहून शाबासकी आली. अनिशने ते पत्र नव्या नोकरीच्या अर्जाला जोडलं आणि उन्हाळ्यात पुण्याला मोठ्या पगारावर निघून गेला. संगणक प्रभारीची खुर्ची मोकळी झाली.

करार संपल्यामुळे वैदेही त्या वर्षभर क्लासमध्ये शिकवत होती. पोरांना परीक्षेला प्रश्न यायचा, 'सॉफ्टवेअर विकासाच्या विविध पद्धतींची तुलना करा', आणि ही फळ्यावर दोन रकाने आखून द्यायची. एकदा मी खिडकीतून पाहिलं. एक पोरगी विचारत होती, "मॅडम, कौनसा अच्छा है?" हिने सांगितलं, "परीक्षा में दोनों के फायदे लिखना. नंबर बराबर मिलते हैं." दुपारचा क्लास असल्यामुळे आईला भरवायला शेजारीण यायची. कालिंदीताई तिच्या हातून खात नसत. वर्षभरात बाई अर्ध्या झाल्या.

घनश्यामबाबूंनी वैदेहीला बोलावलं तेव्हा मी तिथेच होतो.

"बाई, पद तुमचंच आहे. एक साल परिवीक्षा, मग कायम. फक्त एक गोष्ट. ते लांजीवर जे काही चालते, ते चालत नाही. समजलं ना? मंजूर प्रोग्राम अनिशचा. त्यात बदल लेखी अर्जावर, सह्या असल्या तरच. आपल्या मनानं काही सुधारायचं नाही."

"आणि तो चुकला तर?"

"तं अर्ज येईन ना! अर्ज नाही आला म्हणजे चुकला नाही."

मला वाटलं, आता ही उठणार. तिने टेबलावरच्या काचेखालचा दादाजींचा फोटो पाहिला, मग घड्याळ पाहिलं. "हौ सर," म्हणाली. "दुपारची सुट्टी दीड वाजता असते ना?"

आता शेवट लपवून उपयोग नाही, म्हणून सांगून टाकतो: ती कायम झाली. संघाच्या इतिहासात इतका स्वच्छ गोपनीय अहवाल कोणाचा नाही, वसंताबाबूंचाही नाही. दीड वाजता ती घरी जाते, आईला भरवते, अडीचला परत येते. कालिंदीताईंच्या अंगावर मांस चढलं. डाव्या हाताने भिंत धरून उभ्या राहतात, दारात येतात, आम्हाला ओळखतात. या बाजूची जमा मी कमी लिहिणार नाही.

पण नावे बाजूही आहे. तिच्या पहिल्या हंगामाआधी भोपाळची तपासणी येणार असं कळलं, आणि साहेबांना लांजीच्या पावत्यांची धास्ती पडली. ट्रॉल्या इतक्या आणि पावत्या तितक्याच्या सातपट कशा? म्हणजे माल एकत्र तोलला, हे कागदावरच दिसणार. तेव्हा अर्ज तयार झाला, अगदी रीतसर: जुना प्रोग्राम काढून टाकावा, एका ट्रॉलीस एकच पावती, ट्रॅक्टरमालकाच्या नावे. शाखाप्रमुखांच्या सह्या झाल्या, साहेबांची झाली. खाली प्रेमलालचीही होती, कधी नव्हे ती इंग्रजीत.

मी तिच्या टेबलाशी गेलो. "वैदेही, याचं काय होईल हे तुले माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग बोल काहीतरी."

"बोलले तर ती सूचना होते, काका. सूचना नोंदवावी लागते. नोंद झाली का ती माझ्या नावावरची त्रुटी होते." कागद तिने सरळ केला, वर शिक्का मारला. "काम अर्जासारखंच होणार. एक अक्षर इकडे-तिकडे नाही."

आणि तसंच झालं. लांजीला स्वतः जाऊन तिने आपला प्रोग्राम पुसला. प्रेमलाल मागे उभा होता. म्हणाला, "मॅडम, लपवून तं ठेवता आला असता." तिने त्याला विचारलं, "अर्जात लिहिलं आहे का तसं?" प्रेमलालने चहा मागवला. तिने घेतला नाही.

हंगामात मी साठा तपासायला लांजीला गेलो होतो. नेमका काट्यावरचा नवा ऑपरेटर आजारी, म्हणून वैदेही खिडकीवर. ट्रॉली तोलून झाली, पट्टी निघाली, ट्रॅक्टरवाला ती खिशात घालून गेला. खिडकीत सत्यभामेचा हात आला.

"माही?"

"ट्रॉली कोणाची होती?"

"ट्रॉली त्याची. धान माहा होता ना त्यात. नऊ पोते."

"पावती ट्रॉलीच्या मालकाच्या नावानं निघते. नवीन नियम आहे."

"अवं, तूच तं काढून देत होती मले येगळी! इसरली का?" सत्यभामेने खिडकीचा गज धरला. "मी चूक दाखवू का तुले? हे पाय, चूक आहे. मागं दाखवली तं तू हासत होतीस, लिवून घेत होतीस."

"अर्ज द्या," वैदेही म्हणाली. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. "बालाघाटला ऑफिसात. तीन प्रती."

"मले लिवता येते का? तू लिवून दे."

"मी नाही लिहू शकत. तो अर्ज शेवटी माझ्याकडेच येणार ना."

सत्यभामा गज सोडून फाटकाकडे निघाली, जवळजवळ पळतच. ट्रॅक्टर सुरू झाला होता. ती चाकाच्या बाजूला उभी राहून वर बघून काहीतरी सांगू लागली, बोटं दाखवू लागली. ट्रॅक्टरवाल्याने कानाशी हात नेला, ऐकू येत नाही अशी खूण केली, पण इंजिन बंद केलं नाही.

इकडे खिडकीत दुसरा माणूस येऊन उभा होता. वैदेहीने विचारलं, "ट्रॉली कोणाची?"